गच्चीवरच्या काचेच्या खोलीत पहाटे पाणी टपकतं, उपाय सुचवा

जाईजुई (१९ डिसेंबर)

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर यंदाच्या पावसाळ्याआधी काचेची खोली करून घेतली. १२ बाय १०, उंची साधारण ८ फूट. उत्तरेला जिन्याच्या खोलीची भिंत, बाकी तिन्ही बाजूंना ॲल्युमिनियम सेक्शनमध्ये ५ मिमीची साधी काच, वर १० मिमीचं पोकळ पॉलिकार्बोनेट. आत ऑर्किड, अँथुरियम, नेचे, थोडे अडेनियम. सकाळचं ऊन आलं की सासरे पेपर घेऊन तिथे बसतात. खोली केली त्याचं अर्धं कारण तेच.

डिसेंबर लागल्यापासून रोज सकाळी काचा आतून ओल्याचिंब. ओघळ उतरून सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये साचतात. छताला थेंब लोंबतात आणि नेमके ऑर्किडच्या पोग्यात, म्हणजे पानांच्या मधल्या खळग्यात, पडतात. दोन रोपांची मधली पानं काळी पडून हातात आली. कोपऱ्यातल्या पडद्यावर बुरशीचे ठिपके. बरं, खोली ऊबदार असती तरी सोसलं असतं. पहाटे शाल घेऊन बसावं लागतं आणि दुपारी दोनला घामाच्या धारा.

ज्यांनी खोली केली ते म्हणाले छत गळतंय. येऊन सगळ्या सांध्यांना सिलिकॉन मारून गेले. फरक शून्य. शेजारी म्हणतात हीटर लावा. पैसे घालण्याआधी इथे विचारतेय.

सातरस्ता (१९ डिसेंबर)

सोलापुरात काचेची खोली आणि तिला हीटर! ताई, मे महिन्यात काय करणार आहात ते आधी सांगा की. पारा ४३ ला गेला की त्या खोलीत अडेनियमसुद्धा माफी मागंल.

बाकी गळतीचं कळलं नाही. पाऊस जाऊन किती दिवस झाले? डिसेंबरात छत गळायला वरून पडतंय काय?

भुईकोट (१९ डिसेंबर)

सातरस्ता यांनी चेष्टेत बोलले पण मुद्द्याचं बोलले. पाऊस नाही म्हणजे गळती नाही. हे आतलंच पाणी आहे.

खात्री करायची तर आभाळाकडे लक्ष ठेवा. ज्या रात्री ढग असतील त्या सकाळी छत जवळजवळ कोरडं सापडेल. निरभ्र रात्रीनंतर मात्र धो-धो. रात्री उघड्यावर लावलेल्या गाडीचा टप सकाळी ओला असतो आणि पोर्चमध्ये लावलेलीचा कोरडा, त्यामागचं कारण हेच. उघडा पृष्ठभाग आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत राहतो, आणि आकाश निरभ्र व हवा कोरडी असली की वरून परत फारसं काही येत नाही. त्यामुळे छताचा पत्रा किंवा पॉलिकार्बोनेट आजूबाजूच्या हवेपेक्षाही चार-पाच अंशांनी थंड होतं. म्हणजे बाहेर पारा १४ असला तरी तुमचं छत १० वर असू शकतं.

आता आतली हवा घ्या. समजा १८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू १५ अंशांच्या थोडा वर येतो. त्याहून थंड जे काही तिला शिवेल त्यावर पाणी धरणार. छत १० वर, काच १४-१५ वर. दोन्ही ओलं.

एक गोष्ट विचारतो. कुंड्यांखाली ताटल्या आहेत का? आणि पाणी कधी घालता?

जाईजुई (१९ डिसेंबर)

ताटल्या आहेत, गच्चीच्या फरशीवर डाग पडू नयेत म्हणून. पाणी संध्याकाळी, ऑफिसहून आल्यावर. नेच्यांवर फवाराही मारते, कारण सगळीकडे लिहिलेलं असतं की ऑर्किड-नेच्यांना दमट हवा लागते.

ओलाकोरडा (२० डिसेंबर)

बाई, मी मागांच्या शेडमध्ये आयुष्य काढलं. तिथे आमचं उलटं दुखणं. सोलापूरची हवा कोरडी, सुती धागा कोरडा पडला की तुटतो, म्हणून आम्ही मुद्दाम पाण्याचा फवारा सोडून आर्द्रता ७५-८० टक्क्यांवर ठेवायचो. आणि थंडीच्या रात्रपाळीला शेडच्या पत्र्यातून कापडावर थेंब पडायचे. डाग पडला की मुकादमाची बोलणी. तेव्हा तुमच्या खोलीत काय चाललंय ते मला न बघता दिसतंय: तुम्ही मागाची शेड चालवताय.

आधी मोजमाप करा. आर्द्रतामापक बाजारात मिळतो, छोटा डिजिटल. नाहीतर आमची जुनी पद्धत. दोन सारखे थर्मामीटर शेजारी टांगायचे, एकाच्या फुग्याला ओली मलमलची चिंधी, चिंधीचं टोक पाण्याच्या वाटीत. हवा कोरडी असेल तर ओला थर्मामीटर खूप खाली दाखवतो. कोरड्यावर २८ आणि ओल्यावर १९ आलं की आर्द्रता चाळीसच्या आसपास. कोरड्यावर २० आणि ओल्यावर १८ म्हणजे ८० च्या वर. पहाटे, दुपारी आणि झोपण्यापूर्वी आकडे लिहून ठेवा. त्याशिवाय कोणी काही सांगितलं तर ऐकू नका, मीसुद्धा.

चादरवाले (२० डिसेंबर)

आपल्या गावात चादरींना काय तोटा! रात्री काचांना आतून जाड जेकॉर्ड चादरी सोडा पडद्यासारख्या. वर एक शेगडी पेटवून ठेवा तासभर. आमच्या शेतातल्या खोलीत असंच करतो, ऊब राहते.

भुईकोट (२० डिसेंबर)

दादा, शेगडीचं आधी बोलू, कारण त्यात जिवाशी खेळ आहे.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, धूर नाही, डोळ्यांना झोंबत नाही. झोप येतेय असं वाटतं आणि माणूस उठत नाही. दर थंडीत कुठून ना कुठून अशी बातमी येतेच. वयस्कर माणूस जिथे बसतो तिथे तर मुळीच नको. गॅसचा हीटर घेतला तरी धूर बाहेर नेणारी नळी नसेल तर तोच धोका, शिवाय तो पाणी बनवतो. एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड लिटरपेक्षा जास्त पाण्याची वाफ तयार होते आणि सगळी त्याच खोलीत राहते. काचा वाळवायला निघालो आणि वरून बादली ओतली असं होईल.

आता चादरी. आतून पडदा सोडला की खोली थोडी ऊबदार राहते हे खरं. पण पडद्यामागची काच खोलीच्या उबेला मुकते, म्हणून आणखी थंड पडते. दमट हवा पडद्याच्या कडेने, विणीतून मागे जातेच. सकाळी पडदा सरकवा, काच आधीपेक्षा जास्त वाहत असेल आणि चादर मागच्या बाजूने दमट लागेल. पडद्यावरची बुरशी तिथूनच येते. पांघरूण घालायचंच तर बाहेरून घाला.

चादरवाले (२० डिसेंबर)

शेगडीचं मान्य. आमची खोली कौलारू आहे, फटीतून वारा फिरतो, त्यामुळे निभावलं असेल. यंदापासून बंद. पण बाहेरून चादर? गच्चीवर? दव खाऊन सकाळी पाच किलोची होईल की ती.

भुईकोट (२० डिसेंबर)

चादर नको, हिरवी शेडनेट. रोपवाटिकेवर असते ती. छतापासून वीतभर वर, तारेवर सरकणारी. छताला मग आकाश दिसण्याऐवजी नेट दिसते, थंड व्हायची ती नेट होते. नेटला भोकं आहेत, त्यामुळे पूर्ण अडवत नाही, पण दोन-तीन अंशांचा फरक पडला तरी थेंब धरण्याची वेळ बरीच पुढे सरकते.

लेस्टरकर_वहिनी (२१ डिसेंबर)

माहेर नव्या पेठेतलं, सध्या मुक्काम इंग्लंडात, म्हणून लिहावंसं वाटलं. इथे घरामागे अशी काचेची खोली म्हणजे कॉन्झर्व्हेटरी बऱ्याच घरांना असते, आणि ऑक्टोबर ते मार्च प्रत्येकाची हीच तक्रार. फक्त आकडे वेगळे. बाहेर शून्याच्या आसपास, दिवस आठ तासांचा, हवा कायम ओली.

इथे पहिली गोष्ट बघतात ती काच. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, पाच-साडेपाच वॅट उष्णता जाते. साध्या दुहेरी काचेतून पावणेतीनच्या आसपास. आतल्या बाजूला उष्णता परतवणारा लो-ई थर आणि मधे आरगॉन वायू असला की सव्वा-दीडपर्यंत येते. काचेचा आतला पृष्ठभाग त्यामुळे ऊबदार राहतो आणि पाणी धरत नाही. दुहेरी काचेच्या आत, दोन काचांच्या मधे धुकं दिसायला लागलं तर मात्र सील गेलं समजायचं. ते पुसता येत नाही, काचेचं युनिटच बदलतात. आणि चांगली काच बाहेरून ओली झाली तर आम्ही खूश होतो, कारण आतली ऊब बाहेर पोचत नाहीये.

दुसरं, घर आणि कॉन्झर्व्हेटरीच्या मधलं दार. इंग्लंडात बांधकामाच्या नियमांतून या खोलीला सूट मिळते, पण ती जमिनीलगत हवी, ३० चौरस मीटरपेक्षा लहान हवी, घराकडचं दार बाहेरच्या दाराच्या दर्जाचं हवं आणि तिची गरम करण्याची सोय घरापासून स्वतंत्र हवी. लोक उन्हाळ्यात ते दार काढून टाकतात आणि मग थंडीत स्वयंपाकघराची वाफ थेट काचांवर जाऊन बसते.

हीटर लोक लावतात, पण हवा खेळती नसेल तर काही उपयोग नाही. खिडक्यांच्या चौकटीत वर अरुंद झरोके असतात, ते थंडी वाजते म्हणून कोणी बुजवले की आठवड्यात बुरशी. शिवाय ओलावा शोषणारी यंत्रं वापरतात. त्यांतली फ्रिजसारखी कॉम्प्रेसरवाली गार खोलीत नीट चालत नाहीत, म्हणून रसायनाच्या चाकावर ओल धरणारी दुसरी जात घेतात. तुम्हाला यांतलं काहीच लागू नये असं वाटतं. तुमच्याकडे दुपारी ३० अंशांची कोरडी हवा फुकट आहे, इथे तिच्यासाठी आम्ही विजेचं बिल भरतो.

सातरस्ता (२१ डिसेंबर)

वहिनी, तुमच्याकडचं ऐकून आम्हाला आमची थंडी गोड वाटालीय.

सेक्शनवाला (२१ डिसेंबर)

मी हेच काम करतो, अक्कलकोट रोडला शेड आहे. ज्यांनी तुमचं काम केलं त्यांच्याबद्दल बोलत नाही, पण सिलिकॉन मारून गेले म्हणता तर काही गोष्टी स्वतः बघून घ्या.

सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला छोटी लांबट भोकं असतात, पाणी बाहेर जायला. हौसेने सिलिकॉन मारताना पोरं ती बुजवून टाकतात. बुजली असतील तर सुरीच्या टोकाने मोकळी करा. ट्रॅकमध्ये पाणी साचायचं थांबेल.

सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास आला होता का? तसला माल ॲल्युमिनियमला आणि पॉलिकार्बोनेटला चांगला नाही. न्यूट्रल म्हणून मिळतो, तो वापरायचा.

पॉलिकार्बोनेटच्या शीटची पोकळ नळ्यांसारखी वीण उताराच्या दिशेने हवी, आडवी नाही. वरची कड ॲल्युमिनियम टेपने पूर्ण बंद, खालची कड हवा जाऊ देणाऱ्या टेपने, म्हणजे धूळ-मुंग्या आत जात नाहीत पण आतली ओल निथळते. नळ्यांत हिरवं शेवाळ दिसत असेल तर टेपचं काम चुकलंय. आणि एका बाजूला उन्हापासून वाचवणारा थर असतो, ती बाजू आकाशाकडे. फिल्मवर छापलेलं असतं, पण फिल्म काढून टाकली की नंतर कोणालाच सांगता येत नाही.

उतार किती दिलाय? कमी असेल तर थेंब कडेपर्यंत घसरत जाण्याऐवजी मधेच सुटतो.

जाईजुई (२२ डिसेंबर)

तुमच्या सगळ्यांचे आभार. ट्रॅकची भोकं खरंच बुजली होती, सासऱ्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळी मोकळी केली. वीण उताराच्याच दिशेने आहे. उतार फार नाही, डोळ्यांना जेमतेम कळतो.

मापकाचे आकडे: पहाटे सहाला आत १७ अंश, ८९ टक्के. दुपारी तीनला खिडक्या बंद असताना ३४ अंश, ५२ टक्के. रात्री दहाला २१ अंश, ८३ टक्के. गच्चीवर बाहेर दुपारी ३० अंश, ३१ टक्के.

ओलाकोरडा (२२ डिसेंबर)

हे झालं काम. दुपारचा आकडा बघा. ३४ अंशांना ५२ टक्के ही कोरडी हवा नाही बरं. टक्के कमी दिसतात कारण गरम हवेत पाणी जास्त मावतं. त्या हवेचा दवबिंदू २२ च्या पुढे आहे. बाहेरच्या हवेचा मोजला तर ११ च्या आसपास. म्हणजे ऐन दुपारी बाहेर इतकी कोरडी हवा असताना तुम्ही खिडक्या लावून आतली ओल कोंडून ठेवताय. रात्र झाली की तीच हवा काचांवर बसते.

भुईकोट (२२ डिसेंबर)

काकांच्या आकड्यांना एक जोड देतो. तुमच्या खोलीत साधारण २७ घनमीटर हवा आहे. २० अंशांची पूर्ण भिजलेली हवा घनमीटरला १७ ग्रॅम पाणी धरते, १२ अंशांची साडेदहा-अकरा. म्हणजे सगळी खोली २० वरून १२ ला उतरली तरी हवेतून सुटणारं पाणी पावशेरभरही नाही, पावणेदोनशे मिलिलिटर. तुम्ही तर ओघळ आणि साचलेलं पाणी सांगताय. बाकीचं रात्रभर कुठून तरी नव्याने येतंय. ओल्या कुंड्या, भरलेल्या ताटल्या, फवारलेले नेचे. खोली एका बाजूने बाष्प सोडतेय आणि थंड छत दुसऱ्या बाजूने ते पकडतंय.

म्हणून हीटरने काय होईल बघा. तुमच्या काचा-छताचा हिशेब केला तर बाहेरपेक्षा एक अंश जास्त ठेवायला अंदाजे १७० वॅट लागतात. सहा अंश जास्त हवे तर हजार वॅट. रात्रीचे दहा तास धरले तर रोज दहा युनिट. आणि ऊब वाढली की कुंड्या जास्त वेगाने वाफ सोडणार.

आणखी एक शंका. त्या खोलीत कपडे वाळत घालता का?

जाईजुई (२२ डिसेंबर)

सासूबाई रात्रीचे टॉवेल तिथल्या दोरीवर टाकतात. सकाळपर्यंत वाळतात म्हणून.

सातरस्ता (२२ डिसेंबर)

टॉवेल वाळले की पाणी कुठं गेलं? वर बघा, छताला लोंबतंय. सोलापुरी टॉवेल, तोही एक नाही, चार माणसांचे! ते पाणी प्यायलाच बनवलेलं असतं.

उजनी_ते_नळ (२३ डिसेंबर)

ऊब हवीच असेल तर एक सुचवू का? आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या गच्चीवर पिंपं असतातच. त्यातली दोन झाकणाची निळी पिंपं, बाहेरून काळा रंग देऊन, काचेच्या खोलीत दक्षिणेच्या काचेलगत ठेवा. हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचा सूर्यही दक्षिणेकडे कललेला असतो, २२ डिसेंबरला ऐन माध्यान्हीला क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश वर. ऊन थेट पिंपांवर पडतं. दिवसा पाणी तापतं, रात्रभर हळूहळू ऊब सोडतं. शिवाय दुपारचा उकाडाही कमी होतो कारण तेवढी उष्णता पाणी पिऊन घेतं.

भुईकोट (२३ डिसेंबर)

कल्पना चांगली, पण अपेक्षा माफक ठेवा. २०० लिटरचं पिंप ८ अंशांनी थंड झालं की जवळपास दोन युनिट उष्णता सोडतं. दोन पिंपांची मिळून पावणेचार. तुमच्या खोलीत रात्रभराच्या सरासरीने दोन अंशांचा फरक. ऑर्किडला दोन अंश कमी नाहीत म्हणा. झाकण घट्ट हवं, उघडं पिंप ठेवलं तर बाष्पाचा आणखी एक कारखाना, आणि डास वेगळे.

स्लॅबची_काळजी (२३ डिसेंबर)

थांबा. मी बांधकामातला आहे. भरलेलं पिंप दोनशे किलोच्या वर जातं आणि त्याचा तळ पाव चौरस मीटर. म्हणजे तेवढ्या जागेवर चौरस मीटरला आठशे किलोच्या घरात भार. लोक जातात-येतात अशा गच्चीसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास आहे. याचा अर्थ पिंप ठेवलं की स्लॅब कोसळेल असं नाही, भार आजूबाजूला वाटला जातो. पण स्लॅबच्या मध्यावर दोन पिंपं शेजारी-शेजारी नकोत. खालच्या मजल्यावर बीम किंवा भिंत कुठून जाते ते बघा आणि तिच्या डोक्यावर ठेवा, खाली जाड फळी घाला. खोली, कुंड्या, ओली माती, हे सगळं आधीच तिथे आहे हेही विसरू नका. जुनी इमारत असेल तर कोणाला तरी दाखवूनच.

सीतेचीवेणी (२४ डिसेंबर)

मी ऑर्किड जमवते. दमट हवा लागते हे खरं, पण ते अर्धवट ज्ञान आहे. त्यांना हलती दमट हवा लागते. रात्री पोग्यात पाणी साचून थंडी पडली की फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड सडणारच, पहिल्यांदा मधलं पान सुटून येतं, तुम्ही लिहिलंय अगदी तसं. थंडीत पाणी सकाळी, नऊच्या आत, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं कोरडी होतात. फवारा बंदच. पोग्यात पाणी गेलंच तर कागदाचा बोळा करून टिपून घ्या. उरलेल्या रोपांना बुरशीनाशक मारायची घाई करू नका, आधी ओल थांबवा.

अडेनियम त्या खोलीतून काढा. तो थंडीत झोपतो, पाणी नको असतं त्याला. उघड्या गच्चीवर, उन्हात, कोरडा ठेवा.

आणि छोटा टेबलफॅन, सगळ्यात कमी वेगावर, भिंतीकडे तोंड करून रात्रभर. पानांवर थेट वारा नको. हवा फिरती राहिली की छताजवळचा थंड थर आणि खालचा दमट थर वेगवेगळे साचून राहत नाहीत. विजेला फारसं लागत नाही.

चादरवाले (२४ डिसेंबर)

रात्री एक खिडकी उघडीच ठेवली तर? एवढा खटाटोप कशाला?

सीतेचीवेणी (२४ डिसेंबर)

माझ्या ऑर्किडना १५ च्या खाली नेणं मला परवडत नाही. नेचे आणि मनीप्लांट असते तर सताड उघडी ठेवली असती.

ओलाकोरडा (२४ डिसेंबर)

दोघांचंही बरोबर. वरच्या बाजूला, छताच्या उंच कडेला बोटभर फट कायम उघडी ठेवा. गरम दमट हवा वर चढते, तिला तेवढी वाट पुरते. खाली खिडकी उघडली तर गार हवा आत लोटते आणि ऊब जाते. सकाळी दहा ते चारच्या आसपास मात्र समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघड्या. ऊन कलायच्या आधी बंद करा, म्हणजे फरशी-भिंतीत साठलेली ऊब राहते आणि कोंडली जाते ती कोरडी हवा.

जाईजुई (१७ जानेवारी)

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत इथे यायला उशीर झाला. काय केलं ते सांगते, कोणाला उपयोगी पडेल.

टॉवेल बाहेर. यावर घरात थोडी चर्चा झाली, पण सासऱ्यांचा पेपर भिजतो म्हटल्यावर सासूबाईंनी दोरी स्वतःच सोडली. ताटल्या काढून कुंड्या विटांवर ठेवल्या. पाणी सकाळी. दुपारी सासरे खिडक्या उघडतात आणि चारला लावतात, हे त्यांनी आवडीने अंगावर घेतलंय, वहीत आकडेही लिहितात. छताच्या उंच कडेची एक पट्टी ओलाकोरडा काकांनी सांगितल्यासारखी उघडबंद होणारी करून घेतली. वर शेडनेट, तारेवर. पंखा चालू. पिंप एकच ठेवलं, जिन्याच्या भिंतीलगत, कारण खाली बीम तिथेच आहे. ऊन कमी मिळतं तिथे, पण स्लॅबवाल्या दादांनी घाबरवून सोडलं होतं.

परवा पहाटे बाहेर चांगलीच थंडी होती, निरभ्र. आत १७ अंश, ७१ टक्के. छत कोरडं. काचांच्या खालच्या कडेला थोडं धुकं आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर मात्र अजून ओल असते, बोट फिरवलं की पाणी लागतं. ते कसं घालवायचं?

सेक्शनवाला (१७ जानेवारी)

ॲल्युमिनियम उष्णता फार पटकन बाहेर नेतं, बाहेरची थंडी थेट आतल्या पट्टीवर येते. परदेशात सेक्शनच्या मधे प्लास्टिकची पट्टी घालून हा मार्ग तोडतात. आपल्याकडेही तसले सेक्शन मिळतात, पण त्यासाठी सगळी चौकट बदलावी लागेल, एवढ्यासाठी मी तरी सांगणार नाही. टॉवेल मोकळे झालेत ना आता, त्यातल्या एकाने सकाळी पुसून घ्या आणि तो टॉवेल बाहेर वाळत घाला.

शेडनेट काढू नका, फेब्रुवारीपासून ती दिवसा ओढायची आणि रात्री सरकवायची. तार गंजणारी असेल तर आत्ताच बदला, उन्हाळ्यात वावटळ आली की नेटसकट शेजारच्यांच्या गच्चीवर जाते.

सातरस्ता (१७ जानेवारी)

आणि मार्चला उकाड्याचा नवा धागा काढा ताई, आम्ही आहोतच.